पाच बावन्न

१९८७ ते १९९०. सोलच्या सोचो भागात खरं तर चार मजली निवासी इमारत व्हायची होती. मालक ली जून यांनी मध्येच बेत बदलला आणि तिथे साम्पुंग नावाचं भव्य दुकान काढायचं ठरवलं. सरकते जिने बसवायचे म्हणून काही कॉलम काढणं आलं. ठेकेदार या बदलांना तयार होईना, तेव्हा ठेकेदारालाच घरी पाठवलं आणि स्वतःच्याच कंपनीकडून काम उरकलं. ८० सेंटिमीटरचे कॉलम ६०वर आले. वर पाचवा मजलाही चढला. स्लॅबखाली बीम नव्हतेच, सगळा भार थेट कॉलमच्या माथ्यावर.

पाचव्या मजल्यावर आधी स्केटिंगची जागा व्हायची होती, तिथे उपाहारगृहं आली. कोरियात जमिनीवर बसून जेवायची रीत आहे आणि ती जमीन उबदार हवी. म्हणून गरम पाण्याचे पाइप अंथरले आणि त्यावर काँक्रीटचा जाड थर ओतला. माझ्या मते सगळ्या प्रकरणात नीट पाहण्यासारखी जागा हीच आहे. कारण कॉलम कापला तर निदान कुणाला तरी दिसतो. फरशीखालची भर दिसत नाही. आपल्याकडे खोलीची लेव्हल मिळवायला दोन इंच कोबा घालतात, तेव्हा दहा बाय दहाच्या खोलीत जवळजवळ एक टन वजन नव्याने येतं. घरातल्या स्लॅबवर माणसं आणि सामान यांच्यासाठी चौरस मीटरला साधारण २०० किलोचा हिशेब धरलेला असतो. त्यातला निम्मा त्या कोब्यातच संपतो. वर नवी फरशी, तीही जुनी न उखडता, आणि मग नवी विटांची भिंत!

१९९३. गच्चीवरच्या अवजड वातानुकूलन यंत्रांच्या आवाजाची शेजाऱ्यांनी तक्रार केली. क्रेन लावून उचलण्याऐवजी ती रोलरवरून स्लॅबवर सरकवत पलीकडे नेली. स्लॅबला तडे गेले. पुढे यंत्रं सुरू झाली की त्यांच्या हादऱ्यांनी तेच तडे रुंदावत.

एप्रिल १९९५. इमारतीच्या दक्षिण भागात पाचव्या मजल्याच्या छताला भेगा दिसल्या. उपाय काय, तर वरचा माल तळघरात हलवला.

२९ जून १९९५, सकाळ. भेगा वाढल्या होत्या. व्यवस्थापनाने वरचा मजला बंद केला, पण खालचे मजले चालूच ठेवले. गर्दीचा दिवस होता, गल्ला सोडवेना.

दुपार. वरून मोठे आवाज यायला लागले. यंत्रं बंद केली, पण तोवर भेगा रुंद झाल्या होत्या. तपासणीला बोलावलेल्या अभियंत्यांनी इमारत पडण्याचा धोका सांगितला. संचालकांची बैठक बसली. इमारत रिकामी करावी असं काहींचं म्हणणं होतं. मालकाने ते मानलं नाही. या तासांत दारं उघडून लोकांना बाहेर काढण्यापलीकडे काहीच करायचं नव्हतं, आणि तेवढंच झालं नाही. हे वाचताना आजही संताप येतो.

पाच वाजता. पाचव्या मजल्याचं छत खचायला लागलं. तिकडे जायची वाट अडवली. खाली खरेदी चालूच.

पाच पन्नास. कडाकड आवाज. आता कुठे धोक्याची घंटा वाजली आणि लोकांना बाहेर काढायला सुरुवात झाली.

पाच बावन्न. गच्ची खचली, यंत्रं पाचव्या मजल्यावर कोसळली. बीम नसलेल्या अशा बांधणीत एका कॉलमपाशी स्लॅब फाटला की त्याचा भार शेजारच्या कॉलमवर जातो, मग तिथेही तो फाटतो. वीसेक सेकंदांत दक्षिण भाग तळघरापर्यंत गेला. ५०२ माणसं मेली, ९३७ जखमी झाली. ढिगाऱ्यातून शेवटची जिवंत मुलगी सतराव्या दिवशी निघाली. ली जून यांना साडेदहा वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती साडेसातवर आली.

आपल्याला हे सोलचं म्हणून बाजूला ठेवता येत नाही. २५ जुलै २०१७ रोजी सकाळी घाटकोपरची सिद्धिसाई ही राहती इमारत पडली आणि १७ जण गेले. तळमजल्यावरच्या रुग्णालयाच्या जागेत फेरबदलाचं काम चालू होतं.

तुमच्या घरी काम निघालं असेल, तर गवंडी म्हणाला तरी जुनी फरशी तशीच ठेवून वर भर घालू नका. आधी उखडून घ्या आणि राडारोडा खोलीत साठू न देता रोजच्या रोज खाली न्या. भिंतीला हातोडा लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आणा आणि त्याचं मत लेखी घ्या. खालच्या मजल्यावर कुणी कॉलम फोडताना दिसला, तर वाईटपणा घ्या, काम थांबवा, महापालिकेला कळवा. आणि छतात नवी भेग रुंदावताना दिसली, तर बैठक बोलावू नका. आधी सगळ्यांना खाली उतरवा.