इटास्का : एक नाव आणि एक अरण्य

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मिनेसोटा राज्यात इटास्का नावाचे सरोवर असून मिसिसिपी नदीचा उगम त्यातून होतो असे मानतात. सरोवराभोवतीचे सुमारे ३२,००० एकरांचे अरण्य हे त्या राज्याचे सर्वांत जुने राज्य-उद्यान होय. 'इटास्का' हा शब्द कानाला एखाद्या आदिवासी भाषेतील वाटतो. वस्तुतः तो कोणत्याही भाषेतील नाही.

१३ जुलै १८३२ रोजी हेन्री स्कूलक्राफ्ट हा सरकारी अधिकारी ह्या सरोवरापाशी पोहोचला. पोहोचला म्हणण्यापेक्षा त्याला तेथे नेण्यात आले असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. कारण वाट ओझाविंडिब ह्या ओजिब्वे प्रमुखास ठाऊक होती. सरोवरास ओजिब्वे भाषेत नाव होतेच : 'ओमश्कूझो-झागइगन', म्हणजे एल्क जातीच्या मोठ्या हरणांचे सरोवर. फ्रेंच व्यापारी 'लाक ला बिश' म्हणत, तेही त्याच अर्थाचे. स्कूलक्राफ्टने मात्र आपल्या तुकडीतील बूटवेल ह्या धर्मोपदेशकास 'खरा उगम' ह्या अर्थाचे लॅटिन शब्द विचारले. त्याने 'वेरितास' (सत्य) आणि 'कापुट' (मस्तक) हे शब्द सुचविले. पहिल्याचा आरंभ व दुसऱ्याचा शेवट छाटून जे मध्ये उरले ते 'इटास्का'. व्याकरणदृष्ट्याही ही जोडी सदोष आहे. 'खरे मस्तक' ह्यास लॅटिनमध्ये 'वेरुम कापुट' म्हणावे लागेल. येथे दोन नामे नुसती शेजारी ठेवली आहेत. (ओझाविंडिब ह्या नावाचा अर्थ 'पिवळे मस्तक' असा होतो, हा योगायोग सहज ध्यानात येतो.)

स्कूलक्राफ्टला ओजिब्वे भाषेचा परिचय नव्हता असे नाही. त्याच्या पत्नीची ती मातृभाषा होती. तरीही पुढे मिशिगनमधील जिल्ह्यांना त्याने निरनिराळ्या भाषांचे तुकडे जोडून आदिवासी भासतील अशी नावे दिली. इटास्का ही त्याच रीतीची कृती समजावयास हवी. पुढे इटास्का नावाच्या एका कन्येच्या अश्रूंतून नदी उत्पन्न झाली अशी दंतकथाही ह्या नावाला जोडली गेली. सामान्यतः कथेतून नाव निघते. येथे नावातून कथा निघाली. १८५५ च्या तहाने ओजिब्वेंकडून हा प्रदेशच घेण्यात आला, आणि नकाशावर त्यांच्या शब्दाऐवजी त्यांच्या शब्दाचा आभास तेवढा उरला.

अरण्याच्या इतिहासातही नाव आणि वस्तू यांत असेच अंतर पडलेले दिसते. जेकब ब्राउअर याने उगमप्रदेशाची मोजणी केली आणि त्याच्या खटपटीने २० एप्रिल १८९१ रोजी उद्यानाचा कायदा झाला. तोही केवळ एका मताच्या आधिक्याने. परंतु जमिनी विकत घेण्यास पैसा दिला गेला नाही. लाकडाच्या कंपन्यांचे हक्क शाबूत राहिले आणि 'उद्यान' म्हणविणाऱ्या ह्या भूमीत पाइन वृक्षांची तोड सुमारे १९२० पर्यंत चालली. ओंडके वाहून नेण्यासाठी घातलेल्या बंधाऱ्याने सरोवराचे पाणी चढून काठची झाडे मरू लागली. १९०३ मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर मेरी गिब्ज ही चोवीस वर्षांची तरुणी उद्यानाची आयुक्त झाली. तिने बंधाऱ्याची दारे उघडविण्याचा आग्रह धरला, तेव्हा तिच्यावर बंदूक रोखण्यात आली. ह्या पदावरील तिचा काळ अल्प होता. तथापि कायद्याला प्रत्यक्ष अर्थ देण्याचा प्रयत्न तिने केला, हे नोंदविणे अवश्य आहे.

तोड थांबली, तरी अरण्य आपोआप पूर्ववत् झाले नाही. तांबड्या पाइनचे बी उघड्या मातीत व भरपूर प्रकाशात रुजते, आणि अशी जागा येथे वणव्यांमुळे मोकळी होत असे. स्टीफन स्पर यांच्या १९५४ च्या अभ्यासाने येथील पाइनवनांचा संबंध पूर्वीच्या वणव्यांशी जोडून दाखविला. उद्यानाने वणवे विझविले; शिकारबंदीने हरणे वाढली व त्यांनी रोपे खाऊन टाकली. म्हणजे जे रक्षावयाचे तेच रक्षणाने खुंटले. पुढे मर्यादित शिकारीस परवानगी द्यावी लागली, आणि नियंत्रित आग लावणे हा व्यवस्थापनाचा भाग झाला.

करमणुकीसाठी येणाऱ्यांचे लक्ष बहुधा ह्या गोष्टींकडे नसते. १९०५ मध्ये येथे डग्लस लॉज हे विश्रामगृह उभे राहिले. आज वर्षास सुमारे पाच लाख लोक येतात, आणि दगडांवरून चालत मिसिसिपी ओलांडणे हा त्यांचा मुख्य विधी असतो. ते दगड १९३० नंतरच्या दशकात मुद्दाम रचलेले आहेत. त्याच वेळी दलदल भरून काढून पात्र नव्याने खणले गेले व दगडांच्या तळाशी काँक्रीटचा बांध घालण्यात आला. १८३२ मध्ये स्कूलक्राफ्टच्या होड्या सरोवरातून ज्या वाटेने बाहेर पडल्या, ती वाट चिखलाची व झुडपांची होती.