बाटली आडवी झाली, पण पिणाऱ्याचं काय?

आपल्या गोंदियात दारूचा विषय निघाला की चर्चा बंदी हवी की नको, इथंच अडकते. जरा मागं वळून बघू.

देवरी, सालेकसाकडं मोहफुलाची दारू गोंड समाजाच्या पूजेत, सणात पूर्वीपासून आहे. इंग्रजांनी तिच्यातून महसूल काढला. १९१५ चा मध्य प्रांताचा अबकारी कायदा शेजारच्या बालाघाटात आजही चालतो. आपण १९५६ मध्ये मुंबई राज्यात गेलो आणि पुढं १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा इकडं आला. नाव दारूबंदीचं, अन् दुकानांचे परवानेही त्याच कायद्याखाली! १९९३ मध्ये शेजारच्या गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून बंदी झाली. आपल्याकडं गावातल्या बाया मतदानानं बाटली आडवी करू शकतात. ही ताकद मोठीच आहे.

पण शंभर वर्षं कायद्यानं बाटल्या मोजल्या, पिणाऱ्याचं यकृत कोणी पाहिलं नाही. मी म्हणतो, व्यसन हा आजार आहे. यकृतावर आधी चरबी चढते, मग सूज येते, शेवटी सिरोसिस. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या तीन-चार दिवसांत हात थरथरतात, झटके येतात, भास होतात. जीवही जाऊ शकतो. बाहेरची बाधा समजून घरी ठेवू नका, लगेच दवाखान्यात न्या.

पुढच्या ग्रामसभेत दुकानाच्या ठरावासोबत उपचाराचाही विषय मांडा.