अर्धस्वयंचलित रायफली (७.६२ × ५१ मिमी)

एकाच प्रकारचे काडतूस वापरणाऱ्या बंदुकांची तुलना केली, की काडतुसाचे गुण आणि यंत्ररचनेचे गुण वेगळे ओळखता येतात. १९५० च्या दशकात नाटोने स्वीकारलेले ७.६२ × ५१ मिमी काडतूस यासाठी उत्तम उदाहरण आहे. त्यावर चालणाऱ्या तीन रायफली प्रमुख : बेल्जियमची एफएएल, जर्मनीची जी-३ आणि अमेरिकेची एम-१४. त्यांच्या केवळ अर्धस्वयंचलित आवृत्त्या अनुक्रमे ब्रिटिश एल१ए१, एचके-९१ व एम१ए. अशा रायफलीत चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी सुटते. पुढचे काडतूस आपोआप भरले जाते.

खरा फरक कुलुपबंदीत, म्हणजे गोळी सुटताना नळीचे मागचे तोंड बंद ठेवण्याच्या रचनेत आहे. एफएएलमध्ये नळीतील वायू दट्ट्या मागे ढकलतो आणि तिरपा होणारा खटका (बोल्ट) सुटतो. वायूचे प्रमाण कमीजास्त करता येत असल्याने धूळ-चिखलातही ती चालवता येते. रणांगणासाठी हा गुण सर्वांत मोलाचा. एम-१४ मध्ये खटका फिरून सुटतो. जी-३ मध्ये वायुनलिकाच नाही. रुळांमुळे खटका उशिरा उघडतो. तिची नळी सुमारे ४५० मिमी, तर एम-१४ ची ५५९ मिमी. त्यामुळे तेच काडतूस जी-३ मधून काहीशा कमी वेगाने सुटते.

एफएएलवरून बेतलेली, ईशापूरच्या कारखान्यात तयार झालेली १ए१ भारतीय जवानांना ‘एसएलआर’ म्हणून परिचित आहे. १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर तिने .३०३ ली-एनफिल्डची जागा घेतली. पुढे तिच्या जागी इन्सास रायफल आली.