पुणे शहर आणि व्यसनाचा प्रश्न

व्यसनाशी पुण्याचा झगडा जुना आहे. इ. स. 1880 मध्ये म्युनिसिपालिटीचे सभासद असता महात्मा फुले यांनी दारूच्या वाढत्या दुकानांस लेखी हरकत घेतली. 1908 साली लोकमान्यांच्या अनुयायांनी दुकानांपुढे पहारे केले. परंतु 1980 नंतर शहरात शिरलेल्या गर्दाची जात निराळी. हेरॉइनची ही अशुद्ध भुकटी चांदीच्या कागदावर तापवून तिचा धूर ओढीत. दारुडा झोकांड्यांवरून तरी ओळखू येई. गर्दुल्ला मात्र घरातील भांडी नाहीशी होईपर्यंत आईबापांस उमगत नसे. सोडू जाता अंग ठणके, उलट्या होत, झोप उडे. तेथे उपदेशाचा उपयोग नाही, हे आम्हां शिक्षकांस कडू लागले तरी खरे आहे. शिवाय स्थळ मोडेल या भीतीने घरचेच रोग दडवीत.

अशा वेळी मनोविकारतज्ज्ञ डॉ. सुनंदा अवचट यांनी पती डॉ. अनिल अवचट यांच्यासह 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्यास ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य लाभले. तेथे बरे झालेले रुग्णच पुढे नव्यांचे सोबती झाले; ज्याने ते दुखणे भोगले त्याच्याशी खोटे बोलणे अवघड जाते. सुनंदाताई 1997 साली निवर्तल्या. काम कन्या मुक्ता यांनी पुढे चालविले.