नाव तेच, द्रव्य निराळे

सुरतेच्या घारीची कीर्ती आमच्या वाचकांस सांगावयास नको. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, आश्विन वद्य प्रतिपदेस, तेथे 'चांदनी पडवो' साजरा होतो व घरोघरी घारी खाल्ली जाते. आत मावा व सुकामेवा, वर थिजलेल्या तुपाचा थर, असे या पक्वान्नाचे स्वरूप. तूप निकृष्ट निघाले की घारीत काही उरत नाही. म्हणून खाद्यपदार्थाचे नाव कायम राहून द्रव्य कसे पालटते, याचा विचार तुपापासूनच आरंभणे उचित होय.

1937 साली 'डाडा' या मूळ नावात लिव्हर कंपनीने आपले 'ल' अक्षर घालून 'डालडा' बाजारात आणला. तो हायड्रोजनच्या योगे घट्ट केलेल्या वनस्पतितेलाचा पदार्थ. परंतु लोक त्यासही तूपच म्हणू लागले. खऱ्या तुपात त्याची भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत पाच टक्के तिळाचे तेल घालणे कायद्याने सक्तीचे झाले. तिळाचे तेल असल्यास आम्लाच्या परीक्षेत तांबूस रंग येतो व लबाडी उघडी पडते. पुढे 2003 साली 'डालडा' हे नावच बंगी कंपनीने विकत घेतले. नाव हीच विक्रेय वस्तू झाली होती.

दुसरे उदाहरण 'क्वालिटी' आइस्क्रीमचे. 1995 च्या सुमारास हे नाव हिंदुस्थान लिव्हरच्या समूहाकडे गेले आणि 'क्वालिटी वॉल्स' झाले. कालांतराने त्याच्या अनेक वेष्टनांवर 'आइस्क्रीम'ऐवजी 'फ्रोजन डेझर्ट' हे शब्द आले, म्हणजे दुधाच्या स्निग्धांशाच्या जागी वनस्पतितेल. 2017 मध्ये अमूलच्या जाहिरातींवरून हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. आपल्या पदार्थात दूध असते, वनस्पती तूप नसते, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने त्या जाहिराती थांबविल्या. तथापि वेष्टनावरील भेद राहिलाच, आणि लहान अक्षरे वाचण्याची सवय ग्राहकास नव्हती.

या वादात सुरत दूर नव्हती. 1951 साली स्थापन झालेला सुरत जिल्ह्याचा दूध उत्पादक संघ, म्हणजे 'सुमूल', हा अमूलच्याच महासंघाचा घटक. त्याचे मालक दूध घालणारे शेतकरी होत. दुधाऐवजी स्वस्त तेल वापरण्यात त्यांचे हित नाही. तसे केल्यास त्यांचेच दूध पडून राहील. सहकारी संस्था निर्दोष असते, असे आम्ही म्हणत नाही. परंतु मालकाचे हित कोठे गुंतले आहे, यावर पदार्थाची प्रत पुष्कळ अवलंबून असते, हे आम्हांस स्पष्ट दिसते.

देवापुढील पंचामृतास व नंदादीपास तूप लागते ते द्रव्य म्हणून, नाममुद्रा म्हणून नव्हे. वाडवडिलांच्या काळापासून घरात येणारा डबा आज कोणाच्या मालकीचा आहे आणि त्यात काय आहे, हे देवस्थानच्या कोठीने व गृहिणीने प्रत्येक खरेदीस पाहावे. जुन्या नावावरील श्रद्धा देवासाठी राखून ठेवावी. दुकानात घटकांची यादी वाचावी.