जुना द्राक्षारस आणि वर्ध्याचा उन्हाळा

वर्धा जिल्ह्यात १९७४ सालापासून दारूबंदी आहे. गांधीजींच्या सेवाग्रामची ही भूमी. त्या बंदीविषयी आमची तक्रार नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने धर्मविधीच्या द्राक्षारसासाठी परवान्याची वाट मोकळी ठेवलेली आहे, आणि मिस्सेला चषकात लागतो तरी कितीसा! परंतु म्हणूनच बाटली सॅक्रिस्टीत दीर्घकाळ पडून राहते आणि बाहेर वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. बूच काढताना धर्मगुरूपुढे प्रश्न उभा राहतो: आत आहे तो द्राक्षारस की शिरका?

हा प्रश्न फार जुना आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस ह्यांनी त्याचा विचार एखाद्या मळेवाल्याच्या बारकाईने केला. कच्च्या द्राक्षांचा रस चालत नाही, कारण तो अद्याप द्राक्षारस झालेला नाही. पिकल्या द्राक्षांच्या ताज्या रसाने संस्कार होऊ शकतो. त्याची गोडी हीच परिपक्वतेची खूण. शिरका चालत नाही, कारण तो द्राक्षारस उरलेला नाही. आणि आंबटाईकडे झुकू लागलेला? त्याने संस्कार होतो, पण तो वापरणारा पापाचा धनी होतो. १५७० च्या रोमन मिस्साग्रंथातील सूचनांतही हाच विवेक आढळतो.

मराठीची गंमत अशी की रसाचा द्राक्षारस होताना तो ‘आंबतो’ आणि द्राक्षारसाचा शिरका होतानाही ‘आंबतो’च. हा गुंता लुई पाश्चर ह्यांनी १८६६ च्या आपल्या ग्रंथात उकलला. पहिले काम यीस्टचे, दुसरे हवेवर जगणाऱ्या जिवाणूंचे. द्राक्षारस मुरतो तोही प्राणवायूमुळेच. मात्र तो बेताने मिळाला पाहिजे.

उष्णता सर्वत्र वैरीण नसते. मदेरा बेटाचा द्राक्षारस हिंदुस्थानच्या सफरीत जहाजावर तापून अधिक रुचकर होई. पण त्यात मद्यार्काची भर असे. साध्या द्राक्षारसाला आमचा उन्हाळा मानवत नाही.

तेव्हा आम्ही आदल्या संध्याकाळीच परीक्षा घेतो, म्हणजे मिस्सेपूर्वीचा उपवास मोडत नाही. पेला पांढऱ्या कापडासमोर धरावा. पांढऱ्या द्राक्षारसावर सोनेरी झाक आली तर ती वयाची. मळकट तपकिरी दिसला तर हवा लागलेली. तळाशी स्फटिक दिसल्यास घाबरू नये, ते द्राक्षांतलेच क्षार. मग वास. शिरका नाकाला झोंबला की चव घेण्याचेही कारण उरत नाही. तसे नसेल, तर एक घोट जिभेवर घोळवावा. शंका उरलीच, तर ती बाटली वेदीवर जात नाही, आणि परवान्याचे कागद पुन्हा बाहेर काढावे लागतात.