नागासाकीचा न विझलेला दिवा

नागासाकीच्या रेल्वे स्थानकाबाहेर ट्रामच्या घंटा खणखणत होत्या, माणसांची लगबग चालली होती. आमचे पाय मात्र जवळच्या निशिझाका टेकडीकडे वळले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी येथे २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया होते. तेथील ओळीने उभ्या कांस्यमूर्तींसमोर आम्ही मोजदाद केली. २६ जणांत धर्मगुरू केवळ तीन! गोन्सालो स्वतः फ्रान्सिस्कन ब्रदर आणि दुभाषे. लुईस इबाराकी तर अवघा १२ वर्षांचा. आम्हा धर्मगुरूला ही मोजदाद किंचित बोचली, हे कबूल करावयास हवे.

पुढे सुवा देवस्थानाच्या उंच दगडी पायऱ्या चढलो. तोरणासारख्या कमानींतून खाली शहर दिसते. ऑक्टोबरातील कुन्ची उत्सवात येथे ड्रॅगनचे नृत्य रंगते. १६३४ साली सुरू झालेल्या या उत्सवाला ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पुसण्यासाठी राजसत्तेने उत्तेजन दिले. परंतु त्याआधी, नागासाकी ख्रिस्ती असताना, आपल्याच लोकांनी येथील देवळे जाळली व पाडली होती. छळाची कथा सांगताना हे पान गाळणे प्रामाणिकपणाचे नव्हे.

१६४४ च्या सुमारास जपानमधील शेवटचे धर्मगुरू हुतात्मे झाले. मिस्सा थांबली. दरवर्षी पवित्र प्रतिमांवर पाय देण्याची सक्ती झाली, प्रत्येक कुटुंबाची नोंद बौद्ध मंदिरात झाली. तरीही उराकामी गावात एकजण सणांचे पंचांग सांभाळी, दुसरा बालकांना स्नानसंस्कार देई, तिसरा घरोघरी निरोप पोहोचवी. कान्नोन देवीच्या मूर्तीत माता मरियेचे दर्शन घेऊन आयाबाया प्रार्थना पुटपुटत. दोनशेहून अधिक वर्षे दिवा असा ओंजळीत जपला गेला.

१८६२ साली ते २६ जण संत घोषित झाले आणि त्यांच्याच नावे फ्रेंच मिशनऱ्यांनी ओउरा येथे चर्च उभारले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे काही स्त्री-पुरुष तेथे आले. फादर पेतीजाँ यांच्या कानाशी लागून एका स्त्रीने आपली श्रद्धाही तीच असल्याचे सांगितले आणि विचारले, मरियेची मूर्ती कोठे आहे?

या प्रकटीकरणाची किंमत मोठी होती. १८६८ पासून तीन हजारांहून अधिक उराकामीकरांना हद्दपार केले गेले. सहाशेहून अधिक जण तिकडेच वारले. १८७३ साली उरलेले परतले. पुढे त्यांनी गावच्या मुखियाचा वाडा विकत घेतला. याच वाड्यात त्यांच्या पूर्वजांना प्रतिमा तुडवावयास लावले जाई. तेथेच त्यांनी चर्च बांधले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्बने ते उद्ध्वस्त झाले. त्या वेळी पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू आणि रांगेतील भाविक एकत्रच गेले. १९५९ साली ते पुन्हा उभे राहिले.

आम्ही पोहोचलो तेव्हा सायंकाळची मिस्सा सुरू होत होती. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो.